एक सर, दोन साक्षी

लाखांदूर, पवनी, अर्जुनी-मोरगावच्या धानपट्ट्यातला माणूस पचमढीला जातो तो बहुधा महादेवासाठी. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढायचा, नाहीतर नागपंचमीच्या सुमारास भर पावसात नागद्वारची वाट तुडवायची. याच पचमढीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, माणसंही वर्षानुवर्षं रात्री जागवत होती. त्यांचं पंचांग यात्रेकरूंच्या पंचांगाशी निम्मंच जुळायचं. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची. चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही, पावसाळा संपून चार महिने झालेले असतात, आभाळ स्वच्छ असतं. त्यांना नेमकी अशीच रात्र लागायची. नागपंचमीला मात्र त्यांचे आरसे झाकलेले असत, कारण ज्या उजेडासाठी ते मांडले होते तो ढगाआडून दिसत नाही.

हा उजेड निळसर असतो, काही नॅनोसेकंद टिकतो, आणि त्याची प्रत्येक झलक दिव्याच्या नव्हे तर कणांच्या येण्याने पडते. माणसाच्या डोळ्याला तो जाणवण्याचा प्रश्नच नाही. तो पकडण्यासाठी पचमढीला समुद्रसपाटीपासून १०७५ मीटर उंचीवर चोवीस दुर्बिणी उभारल्या गेल्या. सगळा पसारा ८० मीटर बाय १०० मीटर. दुर्बीण म्हटल्यावर नळी डोळ्यांपुढे येते, पण इथे नळी नव्हती. एका बैठकीवर सात अन्वस्ती आरसे, प्रत्येकाचा व्यास ०.९ मीटर, आणि प्रत्येक आरशाच्या नाभीशी एक फोटोमल्टिप्लायर, म्हणजे उजेडाच्या क्षीण झलकेचा विजेचा स्पंद करणारी काचेची नळी. हौशी आकाशनिरीक्षकाला त्यांतून काहीच पाहता आलं नसतं, कारण हे आरसे चित्र काढतच नव्हते. ते दोनच गोष्टी टिपायचे: उजेड किती पडला आणि केव्हा पडला.

किती आणि केव्हा. एवढ्या तुटपुंज्या शब्दसंपत्तीवर किती वाचता येतं, हे पाहण्यातच या प्रयोगाचा रस आहे. शोध किती लागले याचा हिशेब ज्याला करायचा त्याने करावा. मला ही मांडणी वाचायची आहे.

वाचायचं काय, ते आधी थोडक्यात. अवकाशातून आलेला एखादा प्रोटॉन हवेत पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळतो. त्या धडकेतून पायॉन नावाचे कण निघतात. विद्युतभार नसलेले पायॉन जवळजवळ तत्क्षणी गॅमा किरणांत मोडतात. गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी निघते, त्या जोडीतून पुन्हा गॅमा किरण, त्यांतून पुन्हा जोड्या. एकाचे दोन, दोनाचे चार अशी ही वाढ कणांची ऊर्जा पुरेल तोवर चालते आणि मग ओसरते. या वाढीचं गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली इंग्लंडमध्ये मांडलं. भाभांनी टीआयएफआर स्थापली ती पुढे १९४५ साली, तेव्हा मुंबईच्या या संस्थेच्या रक्तातच हा विषय होता असं म्हणायला हरकत नाही. विद्युतभारित पायॉनांची गोष्ट वेगळी. ते मोडले की म्युऑन निघतात, आणि म्युऑन हा चिवट कण आहे. हवा, कौलं, काँक्रीट, सगळ्यांतून तो पार होतो. लाखांदूरच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या उघड्या तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा म्युऑन जातच असतो.

तर कणांची ही सर जमिनीकडे येते ती एक पातळ चकती होऊन, प्रकाशाच्या वेगाने. मध्याजवळ चकतीची जाडी मीटर-दोन मीटर, विस्तार शेकडो मीटर. पिएर ऑजे यांनी १९३०च्या दशकाच्या शेवटी एकमेकांपासून शेकडो मीटर दूर ठेवलेले गणक एकाच क्षणी वाजताना पाहिले आणि हा विस्तार जगाला पटला. तेव्हापासून अडचण एकच आहे. वर झालेली धडक कुणाच्या दृष्टीस पडत नाही. हाती येतो तो शेवट, आणि शेवटावरून पहिलं वाक्य ओळखायचं. आलेला कण प्रोटॉन होता, लोखंडाचं अणुकेंद्र होतं, की गॅमा किरण? त्याची ऊर्जा किती होती? तो कुठल्या दिशेने आला?

इथे हार्वेलच्या कचऱ्याच्या डब्याची गोष्ट सांगायलाच हवी. मला या सगळ्या इतिहासात ती सगळ्यात आवडते. पॅट्रिक ब्लॅकेट यांनी १९४८ साली म्हटलं होतं की रात्रीच्या आकाशाच्या उजेडातला अगदी छोटासा वाटा, दहा हजारांत एक भाग वगैरे, हवेतून प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या कणांमुळे पडत असावा. (हवेत प्रकाश निर्वातापेक्षा किंचित हळू जातो, म्हणून हे शक्य आहे. या उजेडाला चेरेन्कॉव्हचं नाव आहे.) इंग्लंडमधल्या हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात गॅलब्रेथ आणि जेली या दोघांनी एक कचऱ्याचा डबा घेतला, तळाशी २५ सेंटिमीटर व्यासाचा आरसा ठेवला, वर फोटोमल्टिप्लायर बसवला, आणि डबा आकाशाकडे तोंड करून ठेवला. स्पंद दिसले. पण अशा नळीत स्पंद कशानेही येऊ शकतो. नळीची स्वतःची कुरकुर असते, ताऱ्यांचा उजेड लुकलुकत असतो. डब्याच्या एकट्याच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. सुदैवाने शेजारीच सोळा गायगर गणकांचा संच कणांच्या सरी मोजत होता. दोघांची तार जोडली, तर गणक वाजले की डब्यातही उजेड, असं पुन्हा पुन्हा घडलं. १९५३ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

पाठ्यपुस्तकं सांगतात की आधी एकेक तंत्र पिकलं, आणि मग अलीकडे शास्त्रज्ञांनी ती एकत्र केली. हार्वेलचा डबा या क्रमाला जुमानत नाही. आकाशातला चेरेन्कॉव्ह उजेड पहिल्यांदा ओळखला गेला तोच दुसऱ्या उपकरणाच्या साक्षीने. एकटा असता तर तो उजेड आहे हेही ठरलं नसतं.

आता पचमढीच्या आरशांकडे परत येऊ. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. समजा सर बरोबर डोक्यावरून न येता एक अंश कलून आली. मग शंभर मीटर अंतरावरच्या दोन दुर्बिणींपैकी एकीपर्यंत उजेडाला पावणेदोन मीटर जास्त जावं लागेल, म्हणजे तो सुमारे सहा नॅनोसेकंद उशिरा पोहोचेल. या उशिरातून दिशा निघते. इथपर्यंत सगळं शाळेच्या भूमितीतलं. बारकावा पुढे आहे. उजेडाचा पुढचा पृष्ठभाग सपाट नसतो. तो आठ-नऊ किलोमीटर उंचीवरच्या एका टापूतून पसरत आलेला असतो, म्हणून किंचित गोलाईचा असतो. मध्यापासून शंभर मीटर बाजूला गेलं की या गोलाईमुळे आणखी दोनेक नॅनोसेकंदांचा उशीर लागतो. म्हणजे उशिराच्या आकड्यांत दिशा आहे, आणि दिशा वजा केल्यावर जे उरतं त्यात उंची आहे. जमिनीवरच्या घड्याळांनी आकाशातली उंची सांगावी, यात मला एक शांत धिटाई दिसते.

आता ‘किती’. गॅमा किरणाने सुरू झालेली सर नेमस्त असते. तिचा उजेड मध्यापासून शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत बऱ्यापैकी एकसारखा पडतो, काठाजवळ थोडा फुगवटा येतो, आणि मग उतरतो. प्रोटॉनची सर अशी वागत नाही. तिच्यात पायॉन वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या कोनांनी उडालेले असतात, एखादा म्युऑन आरशाजवळून जाताना स्वतःचा उजेड वेगळा पाडून जातो, आणि सगळा नकाशा ठिगळाठिगळांचा होतो. पचमढीच्या गटातल्या वर्षा चिटणीस आणि पी. एन. भट यांनी संगणकावर अशा सरी रचून हा ठिगळपणा मोजण्याच्या रीती शोधल्या. त्यातली एक मला विशेष सुंदर वाटते. उजेडाच्या घनतेतला चढउतार त्यांनी दोन पातळ्यांवर पाहिला: एकाच दुर्बिणीच्या सात आरशांमधला, आणि एका गटातल्या दुर्बिणीदुर्बिणींमधला. म्हणजे हाताच्या अंतरावरचा खडबडीतपणा वेगळा आणि वीस-पंचवीस मीटरवरचा वेगळा. शिवाय स्पंद किती भरभर चढतो, किती हळू उतरतो, सातही आरशांपर्यंत उजेड एकाच वेळी येतो की मागेपुढे, हे वेळेचे निकष निराळे.

यातला कुठलाही एक निकष लावला तर प्रोटॉनांचा मोठा गठ्ठा चाळणीतून निसटतोच. ओळखायचा असतो गॅमा किरण, आणि एका गॅमा किरणामागे प्रोटॉन वगैरे हजाराच्या घरात असतात. एकापाठोपाठ एक निकष लावले की चाळणी बारीक होत जाते, कारण घनतेचे निकष सरीच्या आडव्या पसाऱ्याबद्दल बोलतात आणि वेळेचे निकष तिच्या उभ्या वाढीबद्दल. आडवं बोलणं जिथे मोघम होतं तिथे उभं बोलणं कामी येतं. दोन्ही तंत्रांची भूल एकाच जागी असती तर त्यांची बेरीज करून हाती काहीच लागलं नसतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या शर्यतीत पचमढीची रीत मागे पडली. ॲरिझोनातल्या व्हिपल वेधशाळेच्या दहा मीटरच्या दुर्बिणीने १९८९ साली चेरेन्कॉव्ह उजेडाचं चित्र घेऊन क्रॅब तेजोमेघातून येणारे गॅमा किरण ठामपणे दाखवले, आणि जगभर चित्र काढणाऱ्या दुर्बिणींचं राज्य सुरू झालं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या माउंट अबू आणि लडाखमधल्या हान्ले इथल्या दुर्बिणीही चित्र काढणाऱ्याच. पचमढीची विद्या हान्लेला गेली. तिथे ४२७० मीटर उंचीवर सात दुर्बिणींचा संच २००८ पासून चालू झाला, प्रत्येकीत पुन्हा तेच सात आरसे. चित्र काढणं उघडच ताकदवान आहे. तरी चित्राशिवाय, नुसत्या ‘किती’ आणि ‘केव्हा’वर वाचन करण्यात जी काटकसर आहे तिचं कौतुक मला जास्त आहे. हे मत वैज्ञानिक नाही, रसिकाचं आहे.

उटीचा मामला मुळातच निराळा. तिथे टीआयएफआरचा मुक्काम १९५०च्या दशकापासून. बी. व्ही. श्रीकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कणांच्या सरी मोजणाऱ्या गणकांच्या जोडीला अनेक पत्र्यांची भलीमोठी मेघपेटी (कणाची वाट बाष्पाच्या रेघेने दाखवणारी पेटी), कणाची सगळी ऊर्जा शोषून घेणारं यंत्र, आणि हवेतला चेरेन्कॉव्ह गणक, असं सगळं एका छताखाली जमवलं होतं. आज तिथे जो प्रयोग चालतो त्याचं नाव ग्रेप्स-३. त्यात जपानी विद्यापीठंही सहभागी आहेत. २२०० मीटर उंचीवर डोंगरउतारावर चारशेच्या आसपास गणक एकमेकांपासून आठ-आठ मीटरवर षटकोनी जाळीत मांडलेले आहेत. प्रत्येकात एक चौरस मीटरचा प्लास्टिकचा झगमगक, तोही उटीच्याच प्रयोगशाळेत ओतलेला. कण त्यातून गेला की क्षीण चमक होते. आणि या जाळीच्या शेजारी, दोन मीटरहून जास्त जाडीच्या काँक्रीटखाली, म्युऑन दुर्बीण. सोळा भाग, त्यांत मिळून ३७१२ गणक नळ्या, प्रत्येक सहा मीटर लांब, चार थरांत एकाआड एक आडव्या-उभ्या. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ ५६० चौरस मीटर.

काँक्रीट इथे बांधकाम म्हणून घातलेलं नाही, ते वाचनाचं साधन आहे. इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण त्यात विरून जातात. सुमारे एक गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जेचा म्युऑन तेवढा खाली उतरतो. तिरक्या येणाऱ्या म्युऑनांनाही ही अट लागू राहावी म्हणून काँक्रीटची रास वर रुंद आणि खाली अरुंद रचली आहे. उलटा पिरॅमिड. मला तर उटीच्या सगळ्या यंत्रसामग्रीत ही रास सगळ्यात सुबक वाटते. गाळण्याचं काम दगडासारख्या मुक्या वस्तूने इतकं हिशेबाने करावं याची गंमत वाटते.

आता एक सर वाचून पाहू. जाळीतले गणक वाजतात, कोण आधी कोण नंतर यावरून दिशा मिळते. कुठे दाटी, कुठे विरळ यावरून मध्य मिळतो आणि एकूण इलेक्ट्रॉनांचा अंदाज येतो. समजा तो एक लाख निघाला. म्हणजे काय झालं असेल? एक शक्यता अशी की बेताच्या ऊर्जेचा प्रोटॉन होता, हवेत बराच खोल येऊन आदळला, आणि सर अजून भरात असतानाच जमिनीला टेकली. दुसरी शक्यता, लोखंडाचं अणुकेंद्र होतं, ऊर्जा कितीतरी जास्त होती, पण ते फार वर फुटलं आणि सर ओसरत ओसरत खाली आली. एक लाख हा आकडा दोघांनाही शोभतो. जाळी कितीही दाट केली, गणक कितीही चांगले केले, तरी ही संदिग्धता जाळीच्या आतून सुटत नाही, कारण ती मोजमापाच्या चुकीची नाहीच, ती सरीच्या स्वभावात आहे.

इथे काँक्रीटखालची साक्ष कामाला येते. लोखंडाच्या अणुकेंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ५६ न्यूक्लिऑन. वर धडक झाली की ऊर्जा त्यांच्यात वाटली जाते. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी आली, की निघणारे पायॉनही कमी ऊर्जेचे. कमी ऊर्जेचा पायॉन पुन्हा कुठे आदळण्याआधीच मोडतो, आणि मोडला की म्युऑन देतो. म्हणून तेवढ्याच ऊर्जेच्या प्रोटॉनपेक्षा लोखंडाच्या सरीत म्युऑन साधारण दीडपट. गॅमा किरणाच्या सरीत तर म्युऑन नावालाच. आता एक लाख इलेक्ट्रॉन आणि त्यासोबत म्युऑन किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले की आधीची संदिग्धता ढळते. एकट्या सरीचा निकाल तरीही छातीठोक देता येत नाही, प्रत्येक सर तिच्या पहिल्या धडकेच्या लहरीवर अवलंबून असते. पण उटीला दिवसाला तीसेक लाख सरी नोंदल्या जातात. लाखोंच्या गर्दीत प्रोटॉनांचा हिस्सा वेगळा काढता येतो. २०२४ साली या गटाने प्रोटॉनांच्या ऊर्जेच्या आलेखात १६६ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक वळण असल्याचं मांडलं. तोवर सरळ उतरता मानलेला आलेख तिथे जरा कमी उतरू लागतो. ते वळण इलेक्ट्रॉनांच्या एकट्या आकड्यात लपूनच राहिलं असतं.

अर्जेंटिनातल्या पिएर ऑजे वेधशाळेबद्दल लोक नेहमी आकाराने भारावून बोलतात, आणि आकार भारावणारा आहेच. तीन हजार चौरस किलोमीटर. भंडारा शहरापासून लाखांदूर सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर, त्याहून ही वेधशाळा रुंद. दर दीड किलोमीटरवर १२ हजार लिटर शुद्ध पाण्याची एक टाकी, अशा सोळाशेहून जास्त. काठावर २७ दुर्बिणी, ज्या हवेतल्या नायट्रोजनची अतिनील झिलई पाहतात. टाक्या अहोरात्र चालतात. दुर्बिणींना स्वच्छ, बिनचंद्राच्या रात्री लागतात, म्हणून त्यांच्या वाट्याला वर्षाचा सातवा-आठवा भागच येतो. पण त्या थोड्या रात्रींत दोघांनी मिळून पाहिलेल्या सरींवरून टाक्यांचं माप ठरवलं जातं, आणि ते माप मग उरलेल्या सगळ्या दिवसांना लावलं जातं.

माझ्या दृष्टीने ऑजेचं खरं वाङ्मयीन मूल्य त्या भांडणात आहे जे तिथे दोन साक्षींत लागलं. दुर्बिणी सरीची वाढ पाहतात. ती वाढ संगणकी प्रारूपांशी नीट जुळवून घेतली, आणि मग त्याच सरीत जमिनीवर काय सापडलं ते पाहिलं, तर म्युऑनांकडून आलेला संकेत प्रारूपाच्या अपेक्षेपेक्षा तीस ते साठ टक्क्यांनी जास्त. २०१६ साली हे छापून आलं. हवेत पाहणाऱ्याचं खोटं नाही, पाण्यात पाहणाऱ्याचंही नाही. चूक आहे ती दोघांना जोडणाऱ्या आपल्या समजुतीत, म्हणजे इतक्या प्रचंड ऊर्जेला कण एकमेकांवर आदळतात तेव्हा नेमकं काय होतं याच्या गणितात. दोन उपकरणं एकच बोलली असती तर हे कळलं नसतं. एकच उपकरण असतं तर मुळीच कळलं नसतं. आता त्या टाक्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचे झगमगक बसवले गेले आहेत आणि रेडिओ अँटेनाही. पाण्यात म्युऑन आणि इलेक्ट्रॉन मिसळून येतात, झगमगकात इलेक्ट्रॉनांचं वजन जास्त. दोन्हींची वजाबाकी करून म्युऑन वेगळे काढायचे. काँक्रीटच्या राशीने उटीला जे केलं तेच इथे वजाबाकीने. रेडिओचा फायदा असा की त्याला ना चंद्र आडवा येतो ना सूर्य.

आणि गंमत पहा, नोंदलेल्या कणांतले सर्वात बलाढ्य म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते दोन कण दोघेही एकाच साक्षीवर उभे आहेत. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात ‘फ्लाय्ज आय’ नावाच्या दुर्बिणींना दिसलेला कण ३२० एक्झा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे सुमारे ५० जूल: एका अणूहूनही कितीतरी लहान वस्तूत फिरकी गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूएवढी ऊर्जा. तो फक्त उजेडात दिसला. २७ मे २०२१ रोजी त्याच युटामधल्या ‘टेलिस्कोप ॲरे’त आलेला, अमातेरासू हे जपानी सूर्यदेवतेचं नाव मिळालेला कण सुमारे २४० एक्झा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. तो फक्त जमिनीवरच्या गणकांनी टिपला. त्याच्या आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, आभाळात चंद्र भरला होता, आणि दुर्बिणी बंद होत्या.

उटीच्या म्युऑन दुर्बिणीने केलेलं एक काम आमच्या भागाला थेट भिडतं, आणि ते कणांच्या सरींसाठी नाही, पावसाच्या सरींसाठी आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायामाणसांवर वीज पडल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. ढगाखाली धुऱ्यावर उभ्या माणसाला ढगात किती विद्युतदाब साठला आहे हे कळायला मार्ग नाही, आणि शास्त्रज्ञालाही फार वेगळा मार्ग नव्हता. फुगे आणि विमानं ढगाच्या एका रेषेतूनच जातात. सी. टी. आर. विल्सन यांनी १९२९ साली अंदाज बांधला होता की वादळी ढगात एक गिगाव्होल्टपर्यंत दाब असू शकेल. फुग्यांतून मोजलेला विक्रमी आकडा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास अडकून राहिला.

उटीला जमिनीवर विद्युतक्षेत्र मोजणारी चार यंत्रं बसवलेली होती. वादळ आलं की ती सांगतात, ढग कधी आला, कुठून सरकला. पण ती खालून पाहतात. ढगाच्या पोटात काय आहे ते त्यांना दिसत नाही. म्युऑन मात्र ढगाच्या माथ्यापासून तळापर्यंत पार होऊन येतो. जमिनीवर येणाऱ्या म्युऑनांत धन भाराचे ऋण भाराच्या म्युऑनांपेक्षा थोडे जास्त असतात. ढगातलं क्षेत्र धन म्युऑनांना अडवतं, ऋण म्युऑनांना ढकलतं, आणि काँक्रीटच्या अटीखाली गळणाऱ्यांची संख्या वाढते. १ डिसेंबर २०१४च्या वादळात ढगाच्या दिशेने येणारे म्युऑन १८ मिनिटं दोन टक्क्यांनी घटले. ही घट ऐकायला किरकोळ वाटते. पण ही दुर्बीण दिवसाला चार अब्ज म्युऑन मोजते, मिनिटाला २८ लाखांच्या आसपास. त्यांतले ढगाच्या बाजूचे तेवढे निवडले तरी उरतात ते लाखांनीच, आणि एवढ्या संख्येत दोन टक्के ही योगायोगाने पडणारी तूट नव्हे. संगणकावर ढग रचून, त्यात दाब वाढवत वाढवत, किती दाबाला अशी तूट येते ते पाहिलं, तर उत्तर आलं १.३ गिगाव्होल्ट. मार्च २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. विल्सन यांचा अंदाज नव्वद वर्षांनी खरा ठरला.

या आकड्यातही एक गृहीत आहेच. ढगात वरचा भारित थर आणि खालचा भारित थर, असं साधं चित्र धरून तो काढलेला आहे, आणि खरा ढग इतका शिस्तीचा नसतो. म्युऑन दाबाची बेरीज सांगतो, थरांची वाटणी सांगत नाही. ती वाटणी हवी तर एकाच ढगातून अनेक कोनांनी येणारे म्युऑन आणखी बारकाईने मोजावे लागतील, आणि जमिनीवरच्या क्षेत्रमापकांच्या नोंदी त्यांच्याशी मिनिटामिनिटाला ताडून पाहाव्या लागतील. उटीला आणखी ५६० चौरस मीटरची म्युऑन दुर्बीण उभारण्याचं काम हाती घेतलेलं आहे.